कलम, प्रत आणि पाठभेद : फळझाडांतील नैसर्गिक उत्परिवर्तने

'कलम' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि येथे त्याने तीन घरे केली. बोरूची लेखणी म्हणजे कलम, कायद्यातील पोटविभाग म्हणजे कलम आणि झाडाची काडी छाटून तयार केलेले नवे रोप म्हणजेही कलम. लेखणी करताना बोरू तिरपा छाटावा लागतो, रोप करतानाही काडी तिरपी छाटतात. लेखणीने ग्रंथाची प्रत होते, कलमाने झाडाची. आणि ज्याने जुनी हस्तलिखिते हाताळली आहेत त्याला हे सांगावे लागत नाही, की जेथे प्रत आली तेथे पाठभेद आलाच. कलमांनी वाढविलेल्या फळझाडांतही असे पाठभेद निर्माण होतात. शास्त्रज्ञ त्यांना नैसर्गिक उत्परिवर्तने म्हणतात. वनस्पतिशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. तथापि पाठचिकित्सेच्या वाटेने गेल्यास हा विषय सामान्य वाचकालाही सुगम होतो, असा अनुभव असल्यामुळे त्याच वाटेने तो येथे मांडीत आहे.

प्रथम बी आणि कलम यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. 'खाण तशी माती' ही म्हण फळबागेत खोटी ठरते. हापूस आंब्याची कोय लावली तर झाड आंब्याचेच येते, पण ते हापूसचे येईल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. कारण बी ही प्रत नव्हे. दोन ग्रंथांतील पाने घेऊन नव्याने बांधलेली ती एक वेगळीच पोथी असते. तिच्यात काय उतरेल हे आधी सांगता येत नाही. याच अनिश्चिततेचा लाभ घेऊन डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड येथील उद्यानात आळंदी जातीच्या डाळिंबाच्या बियांपासून वाढविलेल्या रोपांतून १९३६ साली एक उत्तम झाड निवडले. तेच पुढे 'गणेश' डाळिंब म्हणून प्रसिद्धीस आले. बियांच्या मार्गाने नवे वाण मिळते ते असे.

परंतु एकदा मनाजोगे झाड मिळाले की बागायतदाराला बी नको असते. त्याला तेच झाड पुन्हा पुन्हा हवे असते. म्हणून द्राक्ष आणि अंजीर यांचे छाट कलम करतात, डाळिंबाला गुटी बांधतात, संत्र्याचा डोळा भरतात, आंब्याचे भेट कलम किंवा कोय कलम करतात. गोमंतकात पोर्तुगीज काळात आंब्याच्या कलमांची विद्या रुजली नसती, तर हापूस आणि मानकुराद ही नावे आज आपल्या तोंडी नसती. या सर्व पद्धतींत नवा जीव जन्मास येत नाही. जुनाच जीव नव्या मुळांवर किंवा दुसऱ्याच्या खुंटावर पुढे जगत राहतो. या दृष्टीने कोकणातील हापूसची लक्षावधी कलमे म्हणजे वस्तुतः एका झाडाचा दूरवर पसरलेला विस्तार होय. काही फळांना तर याखेरीज गतीच नाही. बिनबियांच्या द्राक्षाला बीच नसेल, तर माणसाने काडी लावल्यावाचून त्याचा वंश कसा चालावा?

आता प्रश्न असा, की प्रत जर तंतोतंत असेल तर तीत भेद कोठून येतो? वाढणाऱ्या प्रत्येक अंकुरात पेशींचे विभाजन अखंड चालू असते. प्रत्येक विभाजनापूर्वी पेशीतील आनुवंशिक द्रव्याची संपूर्ण नक्कल व्हावी लागते. हे द्रव्य चार रासायनिक अक्षरांत लिहिलेले असून द्राक्षाच्या एका पेशीतील एका संचात अशी सुमारे ५० कोटी अक्षरे असतात. ही नक्कल करणारी यंत्रणा कोणत्याही लेखनिकापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. चुका शोधून सुधारण्याची व्यवस्थाही तीतच आहे. तरीही क्वचित एखादी चूक राहून जाते आणि त्या पेशीच्या सर्व संततीत तशीच उतरते. पोथीत शिरलेली चूक त्या पोथीवरून केलेल्या साऱ्या प्रतींत उतरावी, तसेच हे घडते.

लेखनिकाच्या चुका स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात : एखादे अक्षर बदलणे, मजकूर गळणे आणि बाहेरचा मजकूर आत घुसणे. आश्चर्य असे, की फळझाडांत या तिन्ही प्रकारांची उदाहरणे सापडतात. पहिला प्रकार आपल्या परिचयाच्या किसमिस द्राक्षाचा. या द्राक्षात बी धरते, पण कोवळेपणीच तिची वाढ खुंटते. हे एका जनुकातील केवळ एका अक्षराच्या बदलामुळे होते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. एक अक्षर बदलले आणि बेदाण्याचा धंदा उभा राहिला! दुसरा प्रकार गळतीचा. फ्रान्समधील 'पिनो' या काळ्या द्राक्षाला काही वेलींवर पांढरे घड आले आणि त्यांपासून पांढरी पिनो ही स्वतंत्र जात झाली. तेथे रंग निर्माण करण्याची आज्ञा देणारा मजकूरच गळून गेला होता. तिसरा प्रकार क्षेपकाचा. आनुवंशिक द्रव्यात जागा बदलणारे काही तुकडे असतात. असा एक तुकडा रंगाच्या जनुकाशी येऊन बसल्यामुळे द्राक्षाच्या अनेक जाती पूर्वीच पांढऱ्या झाल्या. त्यांतील 'इटालिया' नावाच्या जातीच्या वेलीवर ब्राझीलमध्ये लाल घड आढळले. तपासणीअंती दिसले, की त्या फांदीत मधला क्षेपक बहुतांशी निघून गेला होता आणि मूळ वाक्याला पुन्हा अर्थ आला होता. उलट, भूमध्य समुद्राकाठच्या रक्तवर्णी संत्र्यात अशाच एका क्षेपकाने झोपलेले जनुक जागे केले. त्यामुळे थंडी पडली की त्या संत्र्याचा गर लाल होतो. एकच कारण एके ठिकाणी रंग घालविते आणि दुसऱ्या ठिकाणी रंग आणते.

अशी चूक संपूर्ण झाडात एकाएकी होत नाही. ती एका पेशीत होते. ती पेशी पानात किंवा फळात असेल, तर ते पान गळताच किंवा फळ खाल्ले जाताच चूक नाहीशी होते. मात्र ती वाढत्या शेंड्यातील पेशीत झाली, तर त्या शेंड्यापासून निघणारी फांदी वेगळ्या गुणांची होते. शेंड्याची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे पेशींचे थर एकावर एक असतात आणि प्रत्येक थर बहुधा आपापल्यापुरता वाढतो. वरच्या थरापासून साल होते, आतल्या थरांपासून गर, पराग आणि बीजांडे. म्हणून पुष्कळदा बदल एकाच थरात राहतो आणि एकाच फांदीत दोन धाटणीच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. करड्या गुलाबी रंगाची पिनो द्राक्षे अशीच आहेत. त्यांच्या वरच्या थरात काळा रंग करण्याची शक्ती कायम आहे, आतल्या थरातून ती गेलेली आहे. असे झाड कधी कधी 'उलटते', म्हणजे एखादी फांदी पुन्हा मूळ वळणावर जाते. आणि बदल केवळ वरच्या थरात असेल, तर तो बियांत उतरत नाही. तो टिकवायचा असेल तर कलम हाच मार्ग.

या घटनेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष जाण्यापूर्वीच माळ्यांना ती ठाऊक होती. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी व लागवडीतील वनस्पती यांच्यावरील १८६८ सालच्या ग्रंथात तिला विस्तृत जागा दिली. पीचच्या झाडावर अचानक गुळगुळीत सालीची नेक्टरीन फळे लागल्याचे अनेक दाखले त्याने गोळा केले होते. 'उत्परिवर्तन' ही आधुनिक शास्त्रीय संकल्पना ह्यूगो द व्हरीस याने १९०१ पासून रूढ केली. पण सर्वांत बोलके उदाहरण नाभीच्या संत्र्याचे आहे. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात एकोणिसाव्या शतकात एका संत्र्याच्या जातीत असे फळ आले, की त्याच्या टोकाशी नाभीसारखे दुसरे चिमुकले फळ होते आणि आत बी नव्हते. १८७० मध्ये त्याची कलमे वॉशिंग्टन येथे पोहोचली आणि तेथून १८७३ मध्ये त्यांतील काही रोपे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे एलायझा टिबेट्स या बाईंच्या हाती आली. कॅलिफोर्नियाचा संत्र्यांचा प्रचंड व्यवसाय या रोपांवर उभा राहिला. त्यांतील एक झाड अजून तेथे जपून ठेवलेले आहे. शतकानंतर याच जातीच्या एका झाडावर व्हेनेझुएलातील कारा कारा नावाच्या मळ्यात १९७६ साली गुलाबी गराची फळे आढळली. पाठभेदाला फुटलेला हा आणखी एक पाठभेद.

आता आपल्या भूमीकडे वळू. आपल्या अथणीपासून पलीकडे तासगावपर्यंत, तसेच विजापूर आणि सोलापूरकडे जी द्राक्षाची शेती पसरली आहे, तिचा मोठा आधार 'थॉमसन सीडलेस' ही जात. हीच पश्चिम आशियातील जुनी किसमिस. १८७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन याने ती वाढविली आणि त्याचे नाव तिला चिकटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती आपल्याकडे रुजली, आणि पाहता पाहता तिच्यापासून आपल्या मातीतली नावे धारण करणारी वाणे निघाली. तासगाव परिसरातून 'तास-ए-गणेश' आले. माळढोक पक्ष्यामुळे परिचित असलेल्या सोलापूरजवळच्या नान्नज गावी नानासाहेब काळे यांच्या बागेतून लांबट, सोनेरी मण्यांचे 'सोनाका' आले. सोलापूर भागातूनच 'माणिक चमन' आले. नान्नजलाच मध्य आशियातील काळ्या किसमिसपासून 'शरद सीडलेस' हे काळे वाण निवडले गेले. तिकडे हैदराबादच्या प्रसिद्ध अनाब-ए-शाहीतूनही 'दिलखुश' निघाले. ही वाणे प्रयोगशाळेत संकर करून घडविलेली नाहीत. वेलीवर आपोआप आलेला फरक कोणीतरी ओळखला, त्याची काडी जपली आणि ती वाढविली, एवढेच त्यांचे जन्मरहस्य.

'एवढेच' म्हटले खरे, पण हे एवढेसे काम किती अवघड आहे हे द्राक्षबागेचा वार्षिक क्रम पाहिल्यावर कळते. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहाराची छाटणी करतात, तिच्यावर घड येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणी होते. त्यानंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. तीत फळ दिलेली प्रत्येक काडी एकदोन डोळ्यांपर्यंत खरडून काढून टाकली जाते. आता कल्पना करा, की मांडवाखालच्या हजारो काड्यांपैकी एका काडीवर वेगळ्या धाटणीचा घड आला. काढणीच्या घाईत तो इतर घडांबरोबर पेटीत गेला आणि काडीवर कोणी चिंधी बांधली नाही, तर महिन्याभरात खरड छाटणीची कात्री येते आणि ती काडी बांधावरच्या ढिगाऱ्यात जाऊन पडते. बदल तळाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचलेला नसेल, तर तो कायमचा संपला. अशा किती काड्या आजवर चुलीत गेल्या असतील, याची नोंद कोणापाशी असणार? निसर्ग चूक करून मोकळा होतो. ती टिपण्यासाठी काढणी आणि छाटणी यांच्यामधले थोडेसे दिवसच माणसाच्या हाती असतात.

शिवाय वेगळा दिसणारा प्रत्येक घड उत्परिवर्तनाचा नसतो. ऊन अधिक मिळाले, घडांची विरळणी नीट झाली, जिबरेलिक आम्लाची मात्रा वेगळी पडली, काडीची साल वर्तुळाकार काढली गेली, तरी मणी लांब किंवा मोठे होतात. उलट पाने वळलेली, वेल खुरटलेली दिसली तर ते विषाणूचेही काम असू शकते, आणि विषाणू कलमातूनही पसरतात. हा शाईचा डाग की खरा पाठभेद, हे ठरविण्याची कसोटी एकच. त्या काडीपासून नवी रोपे करावीत, मूळ जातीच्या रोपांशेजारी एकाच जमिनीत लावावीत, एकच खतपाणी द्यावे आणि अनेक हंगाम पाहावे. फरक पुन्हा पुन्हा तसाच उतरला तर तो आनुवंशिक, नाही उतरला तर परिस्थितीजन्य. यात वर्षे जातात आणि त्या वर्षांत त्या जागेचे उत्पन्न पणास लागते. प्रयोगशाळेतील नेहमीच्या आनुवंशिक चाचण्याही येथे फार साहाय्य करीत नाहीत. कोट्यवधी अक्षरांत एकदोन अक्षरांचा फरक असेल, तर आई आणि लेक त्यांना एकच दिसतात. अखेरचा निवाडा डोळ्यांनी आणि जिभेनेच करावा लागतो.

पाठभेदांचे कौतुक करताना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. बहुसंख्य चुका निरुपयोगी किंवा अपायकारक असतात. पिढ्यान् पिढ्या कलमांनी चाललेल्या द्राक्षात अशा सदोष जनुकांचा दडलेला साठा वाढत जातो, असे अलीकडच्या अभ्यासात दिसले आहे. शिवाय रंग, आकार, पक्वतेचा काळ हे गुण लहान चुकीने बदलू शकतात, पण नव्या रोगाशी झुंजण्याची ताकद अशा किरकोळ फरकातून सहसा मिळत नाही. सर्व बागा एकाच झाडाचा विस्तार असतील, तर एकाला मारणारा रोग सर्वांना मारतो. १८६० नंतर फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथील कोणतीही लाडकी जात त्यांना वाचवू शकली नाही. अमेरिकन रानटी द्राक्षांच्या खुंटांवर कलमे बांधल्यावरच ते सावरले. जगाच्या बाजारावर राज्य करणारी 'ग्रो मिशेल' ही केळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगाने व्यापारातून नाहीशी झाली आणि तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिश केळ्यालाही त्याच रोगाच्या नव्या प्रकाराने ग्रासले आहे. म्हणून बियांपासून येणारी विविधता आणि कलमांतून येणारे सूक्ष्म भेद या दोहोंची गरज आहे. एक नवे ग्रंथ देते, दुसरे जुन्या ग्रंथाचे अधिक गोड पाठ.

मग ज्याने हा पाठ शोधला, त्याचा त्यावर हक्क कोणता? अमेरिकेने १९३० मध्येच कलमांनी वाढणाऱ्या वनस्पतींसाठी एकस्वाचा कायदा केला. टेक्सासमधील लाल गराच्या ग्रेपफ्रूटला, जे एका फांदीवरचे उत्परिवर्तनच होते, १९३४ साली त्याखाली संरक्षण मिळाले. आपल्याकडे २००१ साली वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा संमत झाला. नवे वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्यालाही त्याची नोंदणी करण्याचा अधिकार त्याने दिला. मात्र नोंदणीसाठी वाण वेगळे आहे, एकसारखे आहे आणि स्थिर आहे हे सिद्ध करावे लागते. येथेच आपल्या शेतकऱ्याची अडचण होते. त्याने फरक पाहिलेला असतो, पण लिहून ठेवलेला नसतो. कोणत्या वर्षी, कोणत्या ओळीतील कितव्या वेलीवर, कोणत्या फांदीवर तो प्रथम दिसला, याचा कागद नसतो. काड्या मात्र तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना, पाव्हण्यारावळ्यांना मोकळ्या हाताने वाटून टाकतो. त्यात औदार्य आहेच, पण पुढे वाण नावारूपास आले की पहिला डोळा कोणाचा होता हे सांगणारे कोणी उरत नाही.

पाठचिकित्सेची उपमा येथवर उपयोगी पडली, आता ती कोठे थांबते हेही सांगावे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शिरलेले अपपाठ दूर करून ज्ञानदेवांच्या मूळ शब्दांपर्यंत पोहोचणे हा त्यांचा हेतू होता. बागायतदाराचा हेतू नेमका उलट असतो. त्याला मूळ पाठाची भक्ती नाही. चुकीचा पाठ अधिक रसाळ निघाला तर तो तोच स्वीकारतो आणि मूळ पाठ खुशाल बाजूला ठेवतो. परंतु दोघांच्या हाती लागणारे साधन एकच आहे. मूळ ज्याला मुखोद्गत आहे, त्यालाच पाठभेद दिसतो. ज्याला ओवी पाठ नाही त्याला अपपाठ खटकणार नाही, आणि ज्याने आपल्या वेलीचे पान, पेर, घड आणि मणी वर्षानुवर्षे निरखलेले नाहीत, त्याच्या समोर नवे वाण लोंबकळत असले तरी तो ते पेटीत भरून मोकळा होईल.

आज रोपे रोपवाटिकेतून येतात, छाटणी व विरळणी ठेक्याने आलेल्या टोळ्या करतात, आणि परवान्यासह विकली जाणारी परदेशी वाणेही बागांत येऊ लागली आहेत. यातील काहीही त्याज्य नाही, काळाची ती गरज आहे. पण यामुळे बाग आणि बागवान यांच्यामधली जवळीक कमी होत असेल, तर पुढचे सोनाका कोण ओळखणार, हा प्रश्न उरतोच. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे शेती पाहतात त्यांना विनंती, की काढणीच्या दिवसांत एक वही आणि रंगीत दोऱ्याचे एक गुंडाळे मांडवात असू द्यावे. वेगळा घड दिसला की काडीला दोरा बांधावा, वहीत तारीख, ओळ आणि वेलीचा क्रमांक लिहावा, आणि छाटणी करणाऱ्या माणसाला ती काडी वगळण्यास सांगावे. शंभरांतल्या नव्याण्णव वेळा त्यातून काही निष्पन्न होणार नाही. पण दोरा बांधलेला नसेल, तर उरलेल्या एका वेळीही होणार नाही.